उजेडाची फळी

थोरलीच्या पोटात जे दुखत होतं ते कुठल्याही औषधानं बरं होणारं नव्हतं. ते दुखणं म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघी एका घरात राहायच्या, एकाच कारखान्यात कामाला जायच्या. आडनाव एकच, त्यामुळे कारखान्यातही त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. एक थोरली बाई, दुसरी धाकटी बाई. घरातलं नातं चपलांबरोबर दारात काढून ठेवायची सोयच नव्हती.

कारखाना म्हणजे यंत्रांचा नव्हे हं, भुंग्यांचा. पुस्तकात त्यांना बंबलबी म्हणतात. जाड, केसाळ, पाठ काळी, मानेशी पिवळा पट्टा आणि ढुंगण पांढरं. काचघरातल्या टोमॅटोंची फुलं हलवून द्यायला ते लागतात, म्हणून खोक्यांत घालून विकले जातात. पण विकायच्या आधी प्रत्येक खोक्यात एका राणीनं संसार मांडावा लागतो, आणि राणी ही काय चीज असते ते थोरलीलाच विचारावं. फ्रीजमध्ये महिनोन्महिने थंड झोपवलेली राणी उठवायची, तळहाताएवढ्या डबीत एकटी ठेवायची. साखरपाणी द्यायचं, परागाची ओलसर गोळी द्यायची, खोली उबदार आणि दमट राखायची, आणि वाट बघत बसायचं. बाईंच्या मनात आलं तर त्या गोळीवर मेणाची इवलीशी वाटी करतात आणि अंडी घालतात. नाही आलं मनात, तर तुमच्या साखरपाण्यावर फुकट जगतात आणि एक दिवस पाय वर करून मोकळ्या होतात.

हा सगळा कारभार चालायचा अंधारात. कपाळाला लाल दिवा बांधून आत जायचं, कारण भुंग्यांना लाल रंग दिसत नाही. त्यांच्या लेखी अंधारच, त्यामुळे राण्या बिथरत नाहीत, उडत नाहीत. थोरलीनं त्या लाल अंधारात इतकी वर्षं काढली होती की बाहेरच्या उन्हात आली की तिला सगळं जग फिक्कट वाटायचं. राणीखोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. कारखान्याचा मालकसुद्धा त्या दाराशी आला की टकटक करायचा, आणि थोरली आतून शांतपणे म्हणायची, थांबा जरा.

घरी मात्र थोरलीला कुणी विचारत नव्हतं. घरी होती धाकटी. धाकटीच्या हाताला चव, धाकटीचा पायगुण चांगला, धाकटी कशी हसतमुख. सासूबाईंचा जीव धाकटीत अडकलेला. एकदा दोघींनी एकाच पातेल्यात भाजी केली. चिरली, फोडणीला घातली, शिजवली थोरलीनं, आणि धाकटीनं वरून फक्त मीठ घातलं. तरी सासूबाई पहिला घास खाऊन म्हणाल्या, धाकटीनं केलेली दिसतेय. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि कहर म्हणजे तिच्या पोटची मुलगी, आठवीतली, वेणी घालून घ्यायला काकूकडे जायची. आईच्या हाताला केस ओढतात म्हणे.

तेव्हा थोरलीनं एक शहाणपणा केला. आपल्याच खटपटीनं तिनं धाकटीला कारखान्यात लावून घेतलं. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन. मन कसलं डोंबलाचं. हिशेब असा, की घरात ही राणी असेल तर असू दे, राणीखोलीत मी सांगेन ते हिला ऐकावं लागेल. दिवसाचे काही तास तरी हिनं माझ्यापुढे मान खाली घालावी.

पहिल्याच दिवशी धाकटी नखांना निळा रंग लावून आली. आत गेल्यावर थोरलीचा लाल दिवा तिच्या हातांवर पडला.

“नखं भाजून घेतलीस का गं?”

“नाही ताई, निळी आहेत. या दिव्यात काळी दिसतात, बघा ना गंमत.”

“इथं गंमत बघायला येत नाहीत,” थोरली म्हणाली, आणि तिनं शिकवायला सुरुवात केली. राणीला चिमट्यानं धरायचं नाही, डबीत लांबट काचेची बाटली उपडी धरायची, ती आपणहून वर चढते. राणीनं मधला पाय उचलला की समजायचं, बाईसाहेब चिडल्यात, हात मागं घ्यायचा. आणि शेवटी तिनं आपलं ठेवणीतलं वाक्य सांगितलं, “आपली राणी आपल्याला ओळखता आली पाहिजे. ते जमलं नाही तर तू नुसती साखरपाणी घालणारी.” धाकटीनं मान डोलावली. तिला सगळं पटकन यायचं, हाच तर वैताग होता.

मग आल्या डॉक्टरबाई. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला गोळी दिली नव्हती, किड्यांवर अभ्यास करून त्या डॉक्टर झालेल्या. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की राण्यांना रोज आठ तास उजेड द्यावा आणि बाकी वेळ अंधार, म्हणजे त्या लवकर अंडी घालतील असं त्यांना वाटतं.

थोरलीनं नाक मुरडलं. “अहो बाई, ही जात उंदराच्या जुन्या बिळात घुसून अंडी घालते. मातीखाली. तिथं कोण दिवा लावून देतं?”

“बिळात जायच्या आधी ती बाहेर हिंडतेच ना,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दिवस किती मोठा आहे ते तिला कळत असणार. आपण तिला फ्रीजमधून काढतो आणि थेट अंधारात टाकतो. तिला कसं कळावं की झोप संपली, कामाला लागायचे दिवस आले? पण मी सांगते म्हणून नको. करून बघू.”

करून बघायचं ठरलं. दोन खोल्या शेजारी शेजारी. एकीत नेहमीसारखा पूर्ण अंधार, ती थोरलीकडे. दुसरीत आठ तास पांढरे दिवे, ती धाकटीकडे. सकाळी बटण दाबायचं, दुपार उतरली की बंद करायचं. मालकानं वरून जाहीर केलं की जी खोली पुढं जाईल तिची पद्धत सगळीकडे लागू, आणि तिचीच बाई राणीखोलीची मुख्य. म्हणजे कमरेची किल्ली पणाला लागली. थोरलीला हसूच आलं. दिवे लावून कुणी अंडी घालतं का, असं ती घरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

पहिल्या खेपेला धाकटीच्या राण्यांनी घातली अंडी. एकामागून एक. डब्यांच्या झाकणातून बघावं तर राणी मेणाच्या वाटीवर पोट पसरून बसलेली, ऊब देत, बारीक गुणगुणत. थोरलीच्या खोलीत निम्म्याअधिक नुसत्या डबीच्या कोपऱ्यात. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “धाकटीच्या हाताला यश आहेच.” हाताचा काय संबंध, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. बटणाचा आहे, असं म्हणणार होती. पण तसं म्हणावं तर डॉक्टरबाई बरोबर ठरत होत्या, आणि न म्हणावं तर धाकटी.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरबाईंना गाठलं. “राण्या सारख्या नव्हत्या. तिच्या वजनदार होत्या. मला हडकुळ्या दिल्या.”

डॉक्टरबाई विचारात पडल्या. त्या बाई मनानं सरळ होत्या. “असेलही,” त्या म्हणाल्या. “मी वजन केलं नव्हतं. पुन्हा एकदा करू. एकेक फळीभर डब्या पुरे. त्यावर काय तो निकाल.”

दुसऱ्या खेपेच्या राण्या फ्रीजमधून आल्या, दोघींना एकेक फळी मिळाली. डॉक्टरबाईंनी या वेळी डोळे मिटून वाटल्या म्हटलं तरी चालेल. पण थोरलीच्या डोळ्यांना काय झालं होतं कोण जाणे. धाकटीच्या फळीवरची प्रत्येक राणी तिला टपोरी दिसत होती, आणि आपली प्रत्येक राणी आजारातून उठलेली. तिनं आपली फळी बघितली, धाकटीची बघितली, पुन्हा आपली बघितली, आणि प्रत्येक वेळी धाकटीच्या राण्या थोड्या आणखी जाड झाल्या.

त्या संध्याकाळी धाकटी लवकर निघाली. थोरलीच्या मुलीला नाटकाच्या तालमीला सोडायचं होतं. मुलीनं तसं काकूला परस्पर सांगितलं होतं, आईला विचारलंही नव्हतं. “ताई, मी बटण बंद केलंय,” असं दारातून म्हणून धाकटी गेली. थोरली एकटी उरली. आपली मुलगी आत्ता काकूच्या मागं स्कूटरवर बसून तिच्या कमरेला मिठी मारून चालली असेल, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि मग तिच्या हातांनी जे केलं ते केलं.

तिनं कपाळाला लाल दिवा बांधला. धाकटीच्या खोलीत गेली. पहिल्या डबीवर बाटली उपडी धरली, राणी गुपचूप वर चढली. बाटलीला कापसाचा बोळा लावला. दुसरी, तिसरी, करत करत सगळी फळी. मग आपल्या खोलीतल्या हडकुळ्या आणून या डब्यांत सोडल्या आणि या टपोऱ्या आपल्या डब्यांत. डब्या जागच्या जागी राहिल्या, राण्या तेवढ्या बदलल्या. हात सवयीचे होते. एकच राणी बाटलीत चढेना, मधला पाय उचलून बसली. थोरलीनं तिच्यापुढे जरा वाट पाहिली आणि पुटपुटली, चल गं बाई, माझ्याकडे चल, तिथं कोण तुला दिवे दाखवणार आहे. चोरी केली असं तिला वाटलंच नाही. आपलं होतं ते आपण घेतलं, असंच वाटलं. त्या रात्री ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं धाकटीचं तोंड न्याहाळलं. काही नाही. नेहमीसारखी हसली, नेहमीसारखं साखरपाणी घातलं. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

आणि मग जे झालं त्याला काय म्हणावं. आठवडा उलटला तशी उजेडाच्या फळीवर हालचाल दिसायला लागली. एका डबीत मेण. मग दुसरीत. मग वाटी, मग वाटीत अंडी. त्या हडकुळ्या, त्या आजारी, त्या थोरलीनं टाकून दिलेल्या राण्या दिव्याखाली झडझडून कामाला लागल्या. आणि थोरलीच्या अंधारात त्या टपोऱ्या ढिम्म. खात होत्या, पीत होत्या, कोपऱ्यात बसत होत्या.

थोरलीनं खोलीची ऊब तपासली. परागाची गोळी मळून पाहिली, आणखी ओलसर केली. साखरपाणी बदललं. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून ती धाकटीच्या खोलीत जायची, फळीपुढे उभी राहायची आणि आतल्या आत जळायची. बरं, जळायचं तरी कुणावर? राण्या तिच्याच होत्या. तिच्याच हातानं उठवलेल्या, तिच्याच हातानं इथं आणून सोडलेल्या. आपल्याच टाकलेल्या वस्तूचं दुसरीनं सोनं केलं तर माणूस कुणाशी भांडणार? धाकटी मागून यायची आणि म्हणायची, “बघा ना ताई, कशा बसल्यात.” थोरली म्हणायची, “हं.”

एवढं मात्र तिला कळून चुकलं, आणि तिच्या एकटीलाच कळलं, असं तिला वाटत होतं. वजनाचा काही संबंध नव्हता. राण्या इकडच्या तिकडे केल्या, तरी अंडी उजेडातच पडली. डॉक्टरबाईंचं बरोबर होतं. इतकी वर्षं आपण राण्यांना उठवून पुन्हा रात्रीत ढकलत होतो, आणि त्या आपल्यापुढे पाय वर करून पडत होत्या, आणि आपण म्हणत होतो, बाईंच्या मनात नाही. हा विचार तिला जळण्यापेक्षाही वाईट लागला. पण तो बोलून दाखवायचा म्हणजे त्या संध्याकाळची बाटलीही काढून दाखवावी लागणार होती.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. उजेडाची फळी बघितली, खूश झाल्या. मग थोरलीच्या खोलीत आल्या. आत लाल दिव्यात तिघी दाटीवाटीनं उभ्या होत्या.

“दिवा जिंकला असं दिसतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण थोरल्या बाईंनी मागच्या वेळी वजनाचा मुद्दा काढला होता, तो माझ्या डोक्यातून जात नाही. या वेळीसुद्धा मी वजन करायचं विसरले, माझीच चूक. कुणी म्हणेल, धाकट्या बाईंच्या राण्याच चांगल्या होत्या. मला वाटतं आणखी एक हंगाम थांबावं. तोवर राणीखोली आहे तशीच, थोरल्या बाईंकडे.”

थोरलीचा हात कमरेकडे गेला. किल्ली वाचली होती. काही न बोलता, नुसतं उभं राहून वाचली होती.

“आता चाचणी संपलीच आहे, तर मला या डब्यांचे फोटो काढू द्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पांढरा दिवा लावा.”

राण्या आत असताना त्या खोलीत पांढरा दिवा कधी लागला नव्हता. थोरली काही म्हणायच्या आत धाकटीनं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. डॉक्टरबाई पहिल्या डबीवर वाकल्या, मग दुसरीवर, मग चष्मा वर करून तिसरीवर.

“हे काय? प्रत्येकीच्या पाठीवर निळा ठिपका?”

थोरलीनं पाहिलं. काळ्याभोर पाठीवर, पंखांच्या मधोमध, इवलासा निळा ठिपका. एकीच्या, दुसरीच्या, सगळ्यांच्या. आणि तो निळा तिच्या चांगला ओळखीचा होता. तिनं धाकटीच्या नखांकडे पाहिलं. लाल दिव्यात काळी दिसणारी नखं. काळ्यावर काळा ठिपका कुणाला दिसणार? इतके दिवस रोज त्या राण्या डोळ्यांसमोर होत्या, आणि खोलीतल्या सगळ्यात जुन्या बाईला ते दिसलं नव्हतं.

“ठिपके माझे आहेत,” धाकटी म्हणाली. “माझ्या फळीला मी पहिल्याच दिवशी दिले होते.”

“मग या राण्या इकडे कशा?”

“ताईंनी आणल्या.”

थोरलीला वाटलं आता संपलं. किल्ली गेली, नोकरी गेली, घरी सासूबाई काय म्हणतील तेही तिला ऐकू आलं, आणि मुलीचं तोंड दिसलं.

“ताईंचं म्हणणं होतं ना, राण्या सारख्या नाहीत,” धाकटी पुढं बोलत होती, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. “मग खरंखोटं कळायचं कसं? म्हणून त्यांनी अदलाबदल केली. माझ्या राण्या अंधारात आणि त्यांच्या राण्या उजेडात. तुम्हाला सांगितलं नाही, नाहीतर बघायची नजर बदलते. आता बघा, फळ्या बदलल्या तरी अंडी दिव्याखालीच. म्हणजे वजनाचा प्रश्न मिटला.”

डॉक्टरबाईंनी वर केलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “थोरल्या बाई,” त्या म्हणाल्या, “हे मला सुचायला हवं होतं. स्वतःची फळी हरेल हे माहीत असून तुम्ही हे केलंत? दुसरं कुणी केलं नसतं.” आणि बाहेर जाऊन त्यांनी मालकाला सांगितलं की दिवे आता सगळीकडे लावा, आणि राणीखोली थोरल्या बाईंकडेच ठेवा, कारण अशी बाई शोधून सापडायची नाही.

थोरलीनं मनातल्या मनात धाकटीचं बोलणं पुन्हा तपासलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. तक्रार तिची, बाटली तिची, अदलाबदल तिची. धाकटीनं फक्त वरून मीठ घातलं होतं.

बातमी तिच्या आधी घरी पोचली. जेवताना सासूबाई म्हणाल्या, “धाकटी सांगत होती. थोरलीचं डोकं म्हणजे डोकं आहे हो. आम्हाला कधी कळलंच नाही.” मुलगी आईकडे बघत होती, डोळे मोठे करून, पूर्वी कधी बघितलं नव्हतं तसं. या एका वाक्यासाठी आणि या एका नजरेसाठी थोरलीनं किती वर्षं दात खाल्ले होते. आता ते दोन्ही ताटात वाढून आलं होतं, आणि वाढणारी धाकटी होती. थोरलीनं ताट सरकवलं. ती पाणी प्यायली आणि बरं वाटत नाही म्हणून उठली.

भांडी घासायला धाकटी मोरीत बसली तेव्हा थोरली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“कधी कळलं तुला?”

“दुसऱ्याच सकाळी. दिवा लावला आणि बघते तर एकीच्याही पाठीवर ठिपका नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणारच होते. डबी हातात घेऊन तुमच्या दारापर्यंत आले होते. डोकं इतकं फिरलं होतं की काय सांगू. मग म्हटलं, तुमच्या राण्या आता माझ्याकडे आल्याच आहेत, तर बघू तरी काय करतात.” तिनं एक ताट विसळलं. “आणि नंतर, खरं सांगू का ताई, मजा यायला लागली. रोज सकाळी तुम्ही येऊन माझ्या फळीपुढे उभ्या राहायचात आणि तोंड असं करायचात. स्वतःच्याच राण्यांवर इतकं जळणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.”

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आज खरं सांगितलं असतंस तर किल्ली तुला मिळाली असती.”

“मिळाली असती. आणि घरी येऊन रोज तुमचं तोंड बघावं लागलं असतं.” धाकटीनं मान वर केली. “पोरीला काय सांगितलं असतं मी? तुझ्या आईला कशासाठी काढलं म्हणून? ती माझ्याकडे वेणी घालायला येते ताई, पण डोळ्यात तेल घालून वाट तुमचीच बघत असते. तुम्ही येता आणि आधी माझ्याकडे बघता.”

थोरली भिंतीला टेकली. मग ती म्हणाली, “मला तुझा फार राग येतो.”

“माहीत आहे.”

“आज नेहमीपेक्षा जास्त येतोय.”

“तेही माहीत आहे. ते फडकं द्या जरा.”

थोरलीनं फडकं दिलं. मग खाली बसून भांडी पुसायला लागली. आजवर मला सगळ्यात हिनं मागं टाकलं, ती मनात म्हणाली, आणि आता चांगुलपणातही टाकलं. चोरी लपवली आणि वर हार घातला माझ्या गळ्यात. निदान चार शिव्या घातल्या असत्या तर बरोबरी झाली असती. भांडी संपली, राग संपला नाही.

पुढच्या खेपेला दोन्ही खोल्यांत दिवे होते. राण्या आल्या, दोघींना एकेक फळी मिळाली. धाकटीनं आपली नखांच्या निळ्या रंगाची बाटली काढली. थोरलीनं पिशवीतून दुसरी बाटली काढली. पांढऱ्या रंगाची. आपल्या फळीवरच्या एकेका राणीला तिनं हळूच जाळीखाली दाबून धरलं आणि पाठीवर पांढरा ठिपका दिला.

“पांढरा का, ताई?”

“लाल दिव्यातही दिसतो,” थोरली म्हणाली.

धाकटीनं आपल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तेव्हापासून रोज सकाळी थोरली कमरेच्या किल्लीनं दार उघडते, धाकटी बटण दाबते. दिवा दोघींना एकच, ऊब एकच, साखरपाणी एकाच पातेल्यातलं. आता कुणाच्या राण्या आधी घालतात ते बघू, असं थोरलीनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलंय. मुलगी आता अधूनमधून तिच्याकडे वेणी घालून घेते, केस ओढतात अशी कुरकुर करत. थोरली हात हलका ठेवायला शिकतेय. पण सकाळी तो पांढरा उजेड पडला की तिची नजर आपल्या फळीवर जायच्या आधी निळ्या ठिपक्यांवर जाते. ती त्या राण्या मोजते, कोण बसलंय, कोण नाही ते बघते, आणि मगच आपल्या राण्यांकडे वळते.